साडूभाऊंचे दोन पाइप

निर्णय न घेण्याच्या बाबतीत आमच्या थोरल्या साडूंइतका ठाम माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. एकदा त्यांनी 'बघू' म्हटलं, की मग त्यांच्या तोंडून 'हो' किंवा 'नाही' काढणं ब्रह्मदेवालाही जमत नाही. हॉटेलात बसलो की वेटर बाकीच्यांचं विचारून घेतो, ताटं आणतो, ताटं उचलतो, बडीशेप ठेवतो आणि मग साडूभाऊंकडे वळतो, तेव्हा ते विचारतात, "शेवभाजी लई तिखट असती का?" एकदा आम्ही दोघं एका लग्नासाठी भोकरदनला निघालो होतो. जालन्याच्या स्टँडवर पहिली गाडी लागली, तिच्यात उन्हाची बाजू कोणती हे ठरेना, म्हणून ती सोडली. दुसऱ्या गाडीच्या वेळी बाजू ठरली, पण तोवर ती भरून गेली. तिसरी येईपर्यंत सूर्यच डोक्यावरून पलीकडे सरकला आणि सगळा हिशोब पहिल्यापासून मांडायची वेळ आली. लग्न आमच्यावाचून लागलं. साडूभाऊंचं स्वतःचं लग्न मात्र वेळेवर झालं, आणि त्याचं श्रेय ते मोकळ्या मनानं वडिलांना देतात. "मला कोणी इचारलंच न्हाई साडूभाऊ," असं ते मला सांगतात, "इचारलं असतं तर आजून बघूनच राह्यलो असतो." (मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि तेही मला साडूभाऊच म्हणतात. आमच्या घरी यावरून कुणाचा गोंधळ होत नाही, कारण ऐकून घ्यायला आमच्या बायकांपैकी कुणालाच वेळ नसतो.)

गंमत म्हणजे हा माणूस सगळी नोकरी वीज खात्यात लाइनमन होता. भर पावसात खांबावर सरसर चढून फ्यूज टाकणारा, तारेशी खेळणारा. त्याला मी एकदा विचारलं, तिथे कसं हो जमायचं? तर म्हणाले, "खांबावर दोनच गोष्टी. चालू, न्हाईतर बंद. तिथं पसंतीचा सवालच न्हाई." पसंतीचा सवाल त्यांच्या आयुष्यात आला तो रिटायर झाल्यावर, आणि तो पाइपाच्या रूपाने आला.

साडूभाऊंचं घर मस्तगडात. जुन्या बांधणीचं, बुटकं, अंगणात सिमेंटचा हौद, आणि स्वयंपाकघर का कोण जाणे पाच पायऱ्या वर. जालन्यात नळाला पाणी कधी येईल हे पंचांगातही लिहिलेलं नसतं. ते आलं की हौद भरून घ्यायचा आणि पुढचं पाणी येईपर्यंत त्यावर भागवायचं. हौद ते स्वयंपाकघर ही पाण्याची वाहतूक लग्न होऊन आल्यापासून एकट्या अक्कांकडे होती. अक्का म्हणजे साडूभाऊंच्या मंडळी, माझ्या बायकोची थोरली बहीण. कळशी कमरेवर घ्यायची, पाच पायऱ्या चढायच्या, पिंपात ओतायची, पाच पायऱ्या उतरायच्या. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यातला हारही न काढता साडूभाऊंनी सगळ्यांदेखत अक्कांना सांगितलं, "आता तुझी दगदग बंद. दिवाळीच्या आत तुझ्या ओट्यावर नळ." अक्का आत गेल्या, चुलीतला नव्हे, इस्त्रीतला एक कोळसा घेतला आणि ओट्याच्या उजव्या अंगाला, खिडकीखाली, नळ जिथे हवा तिथे भिंतीवर एक फुली काढली.

काम सुरू मात्र झोकात झालं. गच्चीवर काळी टाकी आली. टाकी एका दिवसात आली, कारण दुकानात टाक्या एकाच रंगाच्या आणि एकाच आकाराच्या उरल्या होत्या. हौदातून टाकीत पाणी चढवायला मोटर आली. ती जावयाने परस्पर पाठवली, म्हणून तीही आली. मग रफिक मिस्त्री आला. त्याने टेप लावून भिंत मोजली, कानावरची पेन्सिल काढून खुणा केल्या आणि म्हणाला, "काका, सीधी बात हाय. दोन दिवसाचं काम. परवा काकी नळाखाली भांडे धुतील." एवढं बोलून तो थांबला असता तर आज हे व्यक्तिचित्र लिहायची वेळ आली नसती. पण तो पुढे म्हणाला, "पाइप कोणता टाकू?"

साडूभाऊंनी त्याला बसायला सांगितलं.

सगळं जालना ज्यातून पाणी पितं तो साधा, कडक, पांढरा पाइप रफिकने अर्थातच आधी सुचवला. साडूभाऊंनी तो हातसुद्धा न लावता बाद केला. "सगळे हाच टाकून राह्यले, म्हंजी इचार कोणीच केलेला न्हाई," हे त्यांचं कारण. पांढरा गेल्यावर मैदानात दोन उरले. एक, नवाच निघालेला वळणारा प्लास्टिकचा पाइप, साडीच्या फॉलसारखा गुंडाळी करून मिळणारा, कोपऱ्यात न तोडता नुसता वाकवायचा. दुसरा तांब्याचा. तांब्याचा पाइप जालन्यात कुणी घरच्या नळाला घातल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, तो मिळायचा एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे. पण साडूभाऊंची हयात तांब्याच्या तारेत गेलेली. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की आपण तांब्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पितो, मग पाइपच तांब्याचा केला तर अख्खं घर म्हणजे एक तांब्याच झाला. माणसाने नुसतं त्यात राहिलं तरी पोट साफ. याच्यावर रफिक म्हणाला, "मंग काका, तांब्याचा टाकू." साडूभाऊ म्हणाले, "बघू."

कारण तांब्याला चोरांचं भय. विहिरीवरच्या मोटारींमधलं तांबं कसं रातोरात जातं हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. "भितीत तांबं हाय हे कळलं, तर लोक भित घेऊन जातील," असं ते गंभीरपणे सांगत. तेव्हापासून घरात तांब्याचं नाव घ्यायची बंदी झाली. तांब्याच्या पाइपाला 'तांबूस पाव्हणा' म्हणायचं आणि प्लास्टिकच्याला 'लवचिक पाव्हणा'. ही सांकेतिक भाषा ते भर रस्त्यात इतक्या मोठ्या आवाजात बोलत, की गल्लीतल्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं, यांच्या मुलीसाठी दोन स्थळं आलीत. मुलीच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती.

लवचिक पाहुण्याबद्दलही त्यांच्या मनात किंतु होताच. भावाच्या शेतातल्या ठिबकच्या नळ्या खारींनी कुरतडल्या होत्या. मी म्हटलं, मस्तगडात खारी कुठे? म्हणाले, "खारी न्हाईत, पण उंदरं तर हायेत." मग परीक्षा घेणं आलं. दोन्ही पाइपांचे हातभर तुकडे धान्याच्या कोठीमागे बांधले. कुणावर अन्याय नको म्हणून दोन्हींना मोजून सारखा गूळ फासला. उंदरांनी दोन्हींवरचा गूळ चाटून स्वच्छ केला, पाइपांना दातही लावला नाही आणि शेजारी टांगलेला साडूभाऊंचा लाइनमनचा चामडी पट्टा खाऊन टाकला. मे महिन्यात तेच तुकडे गच्चीवर उन्हात ठेवले. दुपारी तपासायला गेले, तर तांब्याने बोट भाजलं आणि प्लास्टिकने मान टाकली होती. बोटाला तूप लावत ते मला म्हणाले, "दोघांनी बी आपापला स्वभाव दाखवला. आता दोघांच्या स्वभावाचा इचार करावा लागंल." पहिली दिवाळी अशी गेली. घराला रंग दिला, त्यात भिंतीवरची फुली झाकली गेली. अक्कांनी रंग वाळल्यावर तिथेच पुन्हा फुली काढली.

पुढे पुढे ते दोन तुकडे कापडी पिशवीत घालून साडूभाऊंबरोबर हिंडू लागले. कुणीही भेटो, पिशवी उघडायची, दोन्ही तुकडे समोर धरायचे आणि विचारायचं, "काय वाटतं?" केस कापणाऱ्याला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं, दात काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस असताना खुणेने डॉक्टरला विचारलं. एकदा तर नात्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दहाव्याला आम्ही नदीवर गेलो होतो. पिंड मांडून तास झाला, कावळा शिवेना. म्हाताऱ्याची काय इच्छा राहिली याची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं नातवाचं शिक्षण, कुणी म्हणालं बांधाचं भांडण. साडूभाऊंनी वेळ जावा म्हणून पिशवीतून तुकडे काढले आणि भटजींना विचारलं, "गुरुजी, यातलं काय वाटतं?" तांब्याचा तुकडा उन्हात चकाकला मात्र, झाडावरचा कावळा तीरासारखा खाली आला, तुकड्याकडे बघत बघत पिंडावर उतरला आणि चोच मारून गेला. घरच्यांनी साडूभाऊंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. परतताना ते खुशीत होते, "एक मत तांब्याला." पण स्टँड येईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. "साडूभाऊ, ते मत धरता यायचं न्हाई. म्हतारा जन्मभर इलेक्शनमधी पडणाऱ्यालाच मत देत आल्ता."

रविवारी सकाळी अंगणात पाइपाची बैठक भरायची. मी, रफिक मिस्त्री, दोन शेजारी, आणि ज्याला काही काम नाही असा कुणीही. आता मागे वळून बघताना मला लाज वाटते ती या बैठकांची. आम्ही तासन् तास बसायचो, तांब्याची बाजू घ्यायचो, चहा प्यायचो, प्लास्टिकची बाजू घ्यायचो, पुन्हा चहा प्यायचो; आणि त्या चहाचं पाणी अक्का आमच्या अंगावरून, हौदापासून पायऱ्यांपर्यंत, कळशीने नेत असायच्या. पाय काढून घ्यायचा तेवढा आम्ही काढून घ्यायचो. मी तर चहाला साखर कमी आहे असंही एकदा म्हटल्याचं मला आठवतं.

दुसऱ्या दिवाळीनंतर अक्कांचा उजवा गुडघा धरला. भरलेली कळशी पेलेना, म्हणून त्या अर्धी भरून नेऊ लागल्या आणि अर्थातच दुप्पट खेपा घालू लागल्या. हे साडूभाऊंच्या लक्षात आलं नाही असं नाही. त्यांचं लक्ष फार बारीक. बैठकीत त्यांनी मुद्दाम तो विषय काढला. "पाण्याच्या खेपा दुप्पट झाल्यात," ते म्हणाले, "म्हंजी घरातला वापर वाढला. अर्धा इंची पाइप पुरायचा न्हाई. पाऊण इंचीचा इचार करावा लागंल." आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचे चार महिने पाऊण इंचावर गेले. भिजत घोंगडं म्हणतात ते आम्ही असं मिळून भिजवत ठेवलं होतं.

शेवटी तोड निघाली ती घोंगड्यावरूनच. साडूभाऊंचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारे. नव्या मुलखात पाणी दिसलं, की आधी कळपातल्या सगळ्यात जाणत्या मेंढीला पुढे सोडायचं. तिने तोंड लावलं तरच माणसांनी प्यायचं, तिने मान फिरवली तर तहानलेलं पुढे जायचं, हा त्यांच्या घराचा रिवाज. एका रविवारी साडूभाऊंना तो आठवला आणि ते ताडकन उठून उभे राहिले. "आपुन समद्या जगाला इचारलं," ते म्हणाले, "मेंढीला इचारलंच न्हाई!"

त्यांचा एक चुलतभाऊ अजून अंबडकडे मेंढरं राखतो. तो पुढच्या रविवारी एक म्हातारी, एका कानाची मेंढी रिक्षात बसवून मस्तगडात हजर झाला. मेंढी खिडकीशी होती, तो मधे बसला होता. इकडे जय्यत तयारी. साडूभाऊंनी एसीवाल्याकडून बारा फुटी तांब्याचा पाइप आणला होता, तेवढाच प्लास्टिकचा. दोन्हींची खालची टोकं बुचाने बंद करून पाणी भरून आदल्या दिवसापासून भिंतीला उभे केले होते. ते पाणी दोन सारख्या स्टीलच्या परातींत ओतलं. मेंढीला सकाळपासून पाणी दाखवलं नव्हतं. गल्ली लोटली होती. गच्च्यांवर बायका होत्या. रफिक मिस्त्रीने नवा शर्ट घातला होता. निकाल लागला की लगेच छिन्नी मारायची, असं ठरलं होतं. साडूभाऊंनी मेंढीला हात जोडले आणि म्हणाले, "माय, आता तूच सांग."

मेंढी तांब्याच्या परातीपाशी गेली. वास घेतला. मान वर केली. प्लास्टिकच्या परातीपाशी गेली. वास घेतला. भिंतीशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या पाइपावरचं दुकानाचं लेबल शांतपणे खाल्लं. मग दोन्ही पराती सोडून ती सरळ पायऱ्यांकडे चालू लागली. तिथे दुसऱ्या पायरीवर अक्का बसल्या होत्या. एवढी मंडळी जमली, चहाला पाणी लागणार, म्हणून त्या कळशी नेत होत्या आणि मधेच गुडघा अडला होता. कळशी शेजारी टेकवून दोन्ही हातांनी गुडघा धरून त्या बसल्या होत्या. मेंढीने त्यांच्या कळशीत तोंड घातलं आणि घटाघटा पाणी प्यायला सुरुवात केली.

गल्ली खदखदून हसली. टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "कळशी निवडून आली!" मीही हसलो. चुलतभाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "दादा, तिला पाइपाचं काय कळतंय? तिला रानात बी हीच खोड. मानूस जिथं दमून बसतं, तिथंच जाऊन पानी पेती." साडूभाऊ हसत नव्हते. ते अक्कांकडे बघत होते.

"तू इथं काहून बसली?" त्यांनी विचारलं.

"रोजच बसते," अक्का म्हणाल्या. "साल झालं. दर खेपंला याच पायरीवर बसते. तुमचं ध्यान भितीकडं असतं."

साडूभाऊ जवळ गेले, खाली वाकले, आणि तीन वर्षांत जे त्यांनी न्हाव्याला, भटजीला, कंडक्टरला आणि मेंढीला विचारलं होतं ते पहिल्यांदा बायकोला विचारलं. "तुला यातला कोणता पाहिजे होता?"

"मला नळ पाहिजे होता," अक्का म्हणाल्या.

मेंढीचं पाणी पिऊन झालं होतं. साडूभाऊंनी कळशी उचलली, पाच पायऱ्या चढून आत नेऊन ठेवली आणि परत आले. पाच पायऱ्यांनी त्यांना धाप लागली होती. ते रफिकला म्हणाले, "तुझ्या गाडीवर कोणता पाइप हाय?"

"पांढरा, काका. साधा."

"टाक."

रफिक मिस्त्री खालीच बसला. "काका," तो म्हणाला, "तब्येत बराबर हाय ना?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ लागला, बरोबर फुलीवर. मी मुद्दाम गेलो होतो. अक्कांनी चावी फिरवली, आधी नुसती हवा फुरफुरली, मग पाणी आलं. त्यांनी भांडं धरलं नाही, नुसता हात धरला. बराच वेळ धरला, मग पाणी वाया जातं म्हणून नळ घट्ट बंद केला आणि पदराने डोळे पुसले. साडूभाऊ दारात उभे होते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की गुडघा झिजायचा तेवढा झिजला, खेपा थोड्या आधी थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. ते ऐकल्यावर मी आठवडाभर त्या घरी गेलो नाही. त्या बैठकांमध्ये माझंही मत होतंच.

गेलो तेव्हा पायऱ्यांशी थबकलो. पाचही पायऱ्यांच्या बाजूने, भिंतीला क्लिपा मारून, तो बारा फुटी तांब्याचा पाइप आडवा बसवला होता. वाकवून, टोकं घासून, हाताला लागणार नाहीत अशी. अक्का त्याला धरून सावकाश अंगणात उतरत होत्या, कपडे वाळत घालायला. दोरी म्हणून ताणलेला होता तो लवचिक पाहुणा. पाइप लखलखत होता. साडूभाऊ रोज संध्याकाळी तो चिंच आणि मीठ लावून घासतात, असं अक्कांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्या जरा लाजल्या. दार सताड उघडं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ते तांबं दिसत होतं.

मी साडूभाऊंना म्हटलं, "अहो, चोरानं नेला म्हणजे?"

"नेऊ द्या. दुसरा बसवू."

"कोणता?" मी सवयीने विचारून गेलो, आणि विचारल्यावर जीभ चावली. आता रविवार गेला, असं मनात आलं.

"तांब्याचाच," साडूभाऊ लगेच म्हणाले. "तिचा हात बसलाय त्याला."

आतून नळाचा आवाज आला. अक्का वर पोचल्या होत्या आणि आमच्यासाठी चहा टाकत होत्या. चहा झाल्यावर दोन्ही कप मी विसळले.